कुडावरची ठकठक

हे लिहिणार नव्हतो. त्या सकाळचं नाव काढलं की लाहू अजून खाली बघतो. पण रूपेशच बोलला, लिही रे, त्याचं काय ऐकतोस. म्हणून लिहितोय.

चूल पेटलेली होती आणि लाहूच्या हातात बायबल होतं. दारापाशी पिशवी बांधून ठेवलेली. शर्ट, लुंगी, संपलं. पुस्तक चुलीत घालायचं, दार ओढायचं आणि वापीकडे निघायचं. एखाद्या कंपनीत काम मिळालं तर मिळालं. नाही मिळालं तरी या पाड्यात परत पाय ठेवायचा नाही.

त्याआधी काही आठवड्यांची गोष्ट. लाहूची पोरगी नुकती रांगायला लागली होती. एक दिवस ती तापाने फणफणलेली, तरी लाहूने सकाळी रोजचा अध्याय वाचला. रोज एक. जेवढं आजचं तेवढंच वाचायचं, पुढचं पान उलटायचं नाही, असं त्याला पास्टरांनी शिकवलेलं. त्या दिवसाच्या अध्यायात भावांनी विकलेला एक पोरगा तुरुंगात पडलेला होता. त्याच्यासोबतचा राजाचा नोकर सुटला. पोरगा त्याला बोलला, राजापाशी माझं नाव काढ. नोकर बाहेर गेला आणि साफ विसरला. अध्याय तिथेच संपला.

दुपारी डहाणूच्या दवाखान्याच्या वाटेवर, रिक्षात, बायको संगिताच्या मांडीवर पोरगी गार पडली.

लाहूला वाटलं, नोकर कशाला विसरतोय. वरचाच विसरला.

त्याने पुस्तक मिटलं ते मिटलंच. संगिता रानशेतला माहेरी गेली, परत आली नाही. थंडीपासून तलासरीच्या बाजूला जमीन हलत होती, घरांना तडे जात होते. पाड्यातले बोलले, हा आपले देव सोडून बसला, म्हणून होतंय सगळं. लाहू ऐकून घ्यायचा. रात्री झोप नाही, सकाळी चिकूच्या वाडीवर कामाला जायला पाय उचलत नाही.

पण त्याला खरं फोडलं ते रूपेशने. एकाच आढ्याखाली दोन घरं, मधे भिंत म्हणून कारवीच्या काठ्यांचा कुड, वरून शेणमातीचं लिंपण. त्या कुडाच्या अलीकडे लाहू, पलीकडे रूपेश आणि त्याची आई बायजी. लहानपणी दोघं एका ताटात जेवलेले. लाहूची आई गेल्यावर बायजीनेच त्याला भरवलेलं. मग लाहू प्रार्थनेला जायला लागला, भगताकडे जायचा बंद झाला, ताडी सोडली, आणि रूपेशने बोलणं टाकलं. "जा तिकडेच, पाद्री हो," एवढंच शेवटचं बोलला. पुढे बायजीला लकवा झाला, तिची वाचा गेली, तरी लाहूला त्या दारात जायची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून ठकठक सुरू झाली. लाहूला मनात वाचता यायचं नाही. बोट ठेवून, तोंडाने उच्चारलं तरच त्याला अक्षर कळायचं. सकाळी त्याने तोंड उघडलं की पलीकडून कुडावर ठक. तो आवाज बारीक करायचा. ठकठक वाढायची. तो आणखी बारीक करायचा. शेवटी शेवटी नुसते ओठ हलायचे, तरी ठक, ठक, ठक. लिंपणाचे पोपडे पुस्तकावर पडायचे.

आणि आता तर लाहू वाचतच नव्हता. तरी रोज सकाळी ठकठक होतीच. लाहूला वाटायचं, पोरगी मातीत गेली, बायको गेली, देव गेला, तरी याचं मन भरत नाही. याला मी इथे जिवंतच नकोय.

लाहूने पुस्तक जाळावर धरलं.

दार धाडकन उघडलं. रूपेश. उंबऱ्याच्या आत तो किती दिवसांनी आला होता.

"आता काय राहिलंय?" लाहू ओरडला. "जातोय मी. ठोकत बस मोकळ्या घरावर!"

रूपेशचं लक्ष पुस्तकाकडे. कोपरा काळा पडून धुमसत होता. त्याने झडप घालून ते ओढलं, जमिनीवर आपटून आपटून विझवलं.

"येडा झालास काय रे?"

"तुला काय करायचंय? तुलाच नको होतं ना ते?"

"मला अजून नकोय." रूपेशला धाप लागली होती. "आईला पायजे."

रूपेशने कुडाकडे बोट केलं.

"कालपासून पेज घेत नाय ती. तोंड फिरवते. कुडाला कान लावून पडते आणि ठोकते."

"कोण ठोकते?"

"आईच, दुसरं कोण? एक हात तेवढा चालतो तिचा. तांब्या धरते आणि हाणते. तू वाचायचास ते कुजबुज कुजबुज, तिला काय ऐकूच यायचं नाय. ती ठोकायची, मोठ्याने वाच म्हणून. तर तू आणखी हळू! मी बोलायचो, या पाद्र्याला घसा नाय काय?"

"मग मला सांगायचं ना."

"तुझ्याशी बोलत होतो काय मी?"

चुलीतलं लाकूड तडतडलं. पलीकडून ठक. मग थांबून, दमून, पुन्हा ठक.

रूपेशने पुस्तकावरची राख पुसली आणि ते लाहूपुढे धरलं. त्याच्याकडे न बघता बोलला, "मला काय ऐकायचं नव्हतं. पण ती जे थोडं ऐकायची, ते माझ्यापण कानावर यायचं. तो भावांनी विकलेला पोरगा... सुटला काय रे तो?"

"मला नाय माहीत," लाहू बोलला. "पुढचं मीपण वाचलं नाय."

त्याने पिशवी पायाने बाजूला सारली आणि कुडाला पाठ टेकून बसला.

"जा, काकीला बोल पेज पी. तो सुटेपर्यंत मी कुठे जात नाय."