पोटातलं काम

दुपारचं जेवणही टाळून प्रकल्पप्रमुख बाई संगणकावर पुलाच्या कामांची मांडणी करत होत्या. एका कामाच्या पोटात दुसरं, त्याच्या पोटात तिसरं. मान भरून आली होती, तरी उठवत नव्हतं.

त्यांनी 'खांबांची तपासणी' उघडली, तर आत त्यांच्याच नावावर भलतंच काम होतं: 'आईला फोन करणे'. झाल्याची खूणही होती. त्याच्या पोटात 'दार उघडं ठेवायला सांगणे'. तेही झालेलं. त्याच्याही पोटात 'घरात जाणे'. हे मात्र बाकी होतं.

कुणीतरी थट्टा केली असेल, असं मनाला समजावत त्यांनी आईला फोन लावला.

"अगं, आत्ताच तर बोललीस! दार उघडंच ठेवलंय."

"आई, मी ऑफिसात आहे. आधी दार लाव!"

आई हसली. मग तिचा आवाज फोनपासून लांब गेला.

"आलीस पण? किती दमलीस गं!"