दुसरा ब्रेक

"स्टार्टर जळलाय, आई. आणि या मॉडेलचा पार्ट आता शोधूनही मिळत नाही," मुलगा म्हणाला, तोवर भंगारवाल्याने ओढून न्यायचा दोर गाडीच्या पुढच्या हुकात अडकवायलाही घेतला होता.

"तो दोर खाली ठेव," बाई म्हणाल्या.

अर्ध्या शहराला गाडी शिकवलेली ही बाई. त्यांचा आवाज कानावर पडला की चांगले मिशाळ गृहस्थ अजूनही आधी आरशात बघतात. भंगारवाल्याने मुकाट्याने दोर खाली ठेवला.

बाई आत बसल्या. गियर न्यूट्रल केला, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. काही नाही. साधं 'टक्'सुद्धा नाही. मग त्यांनी हॉर्न दाबला आणि चांगला दाबूनच धरला. शेजारच्या घराची खिडकी उघडली.

"बॅटरी ठणठणीत आहे."

"बॅटरीचं कोण बोलतंय? मी स्टार्टर म्हणतोय."

"तू म्हणतोयस. बघितलेलं नाहीस."

भंगारवाला गाडीच्या खिडकीतून आत डोकावला. "मावशी, शेजारच्या सीटपुढे हा दुसरा ब्रेक कशाला?"

"शिकणारा घाबरला, तर शिकवणाऱ्याने दाबायला," म्हणत बाई किल्ली बंद करून उतरल्या आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

गेल्या महिन्यात त्यांनी गाडी फाटकाला घासली होती. तेव्हापासून घरात एकच धोशा: आता पुरे. बाई या कानाने ऐकून त्या कानाने सोडत होत्या. डॉक्टर असो, बाजार असो, मैत्रिणीचं घर असो, गाडी गेली की दर वेळी कुणाच्या तरी तोंडाकडे बघणं आलं. आजवर त्या कुणाच्या तोंडाकडे बघून जगल्या नव्हत्या आणि या वयात ते शिकायची त्यांची मुळीच तयारी नव्हती.

"मागे सरका दोघं." त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्टार्टरच्या दोन टोकांना एकदम टेकवला. ठिणगी उडाली आणि स्टार्टरने इंजिन गरागरा फिरवलं.

"जळलेला स्टार्टर असा फिरतो होय?"

"हा तर एकदम झकास आहे, मावशी!" भंगारवाला बोलून गेला आणि आपणच आपल्या धंद्यावर पाणी ओतलं म्हणून त्याने जीभ चावली.

म्हणजे किल्ली फिरवली तरी स्टार्टरपर्यंत काही पोचत नव्हतं. ते पोचवणारी बारीक वायर बाईंनी बोटाने चाचपत नेली. ती तिच्या जागी नव्हती. एका पाइपामागे सारून ठेवली होती, आणि तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती. टेपचं शेवटचं टोक बोटभर दुमडलेलं.

बाई तशाच वाकून उभ्या राहिल्या. वायर काढली तर उघडी ठेवायची नाही, टेप लावायची, आणि टेपचं टोक दुमडायचं, म्हणजे पुढे सोडवणाऱ्याला धरायला जागा राहते. शिकायला येणाऱ्यांना त्या फक्त गाडी चालवायला शिकवायच्या. वायरींचं हे सगळं त्यांनी एकट्या पोटच्या पोराला शिकवलं होतं. रागाने त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली आपटला. आणि त्या रागातही, काम मात्र नीट केलंय मेल्याने, असं मनात आलंच.

त्यांनी टेप सोडवली, वायर जागच्या जागी बसवली आणि टेपचा तो तुकडा मुलाच्या खिशावर चिकटवला.

"टोक दुमडायला विसरला नाहीस."

मुलाने तो तुकडा खिशावरून सोलून काढला. मग म्हणाला, "या वेळी फाटक होतं, आई. पुढच्या वेळी माणूस असेल."

"मग तोंडावर सांगायचंस."

"ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग काय करायचं होतं मी?"

"भांडायचं! रोज भांडायचं. आईच्या गाडीची वायर चोरून काढायची नाही."

भंगारवाला आपला दोर गुंडाळण्यात एकदम गढून गेला. बाई आत बसल्या, किल्ली फिरवली, आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

"बस शेजारी. माझ्या जागेवर," त्या म्हणाल्या. "मोठ्या रस्त्याने फेरी मारून येऊ. आज परीक्षा तू घ्यायचीस. नापास केलंस तर किल्ली तुझ्या हातात देईन आणि हूं की चूं करणार नाही."

"आई, असं काय..."

"बस म्हणते ना."

तो बसला. भंगारवाल्याच्या ट्रकने अर्धं फाटक अडवलेलं होतं.

"ट्रक बाजूला घेतो, मावशी!"

"घेऊ नकोस. पुरते जागा."

गाडी हळूहळू निघाली. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला फाटकाचा तोच खांब, त्यावर गाडीचा रंग अजून लागलेला.  मुलाचा पाय नकळत पुढे सरकला आणि दुसऱ्या ब्रेकवर जाऊन टेकला.

"पाय मागे घे," बाई समोरची नजर न हलवता म्हणाल्या. "तू शिकत होतास तेव्हा मी त्या सीटवर मांडी घालून बसायचे."