सहा नेमणूकपत्रं

"सहाच्या सहा पत्रं दिलीत मी! सह्या घेतल्यात!" मालकाने नोटीस टेबलावर आपटली. "मग ही तक्रार केली कोणी?"

छापखाना चिडीचूप झाला. मशीन तेवढं धडधडत राहिलं, कारण ते बंद करायचं मशीनवाल्याला सुचलंच नाही.

नोटीस कामगार कार्यालयाची होती. नवा कायदा लागू होऊन तीन महिने झाले होते. कामावरच्या प्रत्येक माणसाला लेखी नेमणूकपत्र द्यायचं, त्यावर कामाला लागल्याची खरी तारीख घालायची, आठवड्याची सुट्टी आणि वर्षाची भरपगारी रजा द्यायची. दुकान लहान म्हणून कोणाची सुटका नाही. तक्रार करणाऱ्याचं नाव सुनावणीपर्यंत गुप्त. नोटिशीत एवढंच होतं की अर्जदार बावीस वर्षं या छापखान्यात राबतोय, त्याच्या नोकरीची एका कागदावर धड नोंद नाही, आणि त्याला एक दिवस रजा मिळालेली नाही. मालक दोषी ठरला तर परवाना रद्द.

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. माणूस तसा वाईट नव्हता, पण अतिशहाणा. कोणीतरी कान भरले होते, जुन्या तारखा घातल्यास तर सगळ्यांचे जुने हक्क तुझ्या बोकांडी बसतील. म्हणून त्याने सहाही पत्रांवर याच वर्षाची तारीख घातली होती.

पत्रं टाइप करताना बायकोने विचारलं होतं, "खऱ्या तारखा घालू या ना?"

"तू नुसतं टाइप कर गं. डोकं मी चालवतो."

तिने टाइप केली. पाच जणांनी मुकाट सह्या ठोकल्या. बाइंडरकाका तेवढे अडले होते.

"मालक, मी लागलो तेव्हा तुमची मुलगी रांगत होती. आता ती नोकरीला लागली. आणि हा कागद म्हणतो, मी परवा आलो?"

शेवटी त्यांनीही सही केली होती, पण तोंड पाडून. मालकाला आता ते तोंड आठवलं. मुलीचं वय आठवलं. दोन्हींचा मेळ बसला, आणि त्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, इकडे या! बावीस वर्षं इथे कोणाला झाली?"

काका हाताची खळ पुसत आले. "मला. का?"

"खाल्ल्या घरचे वासे मोजता?"

"मी?" काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला तक्रार करायची असती तर तुमच्या तोंडावर केली असती."

"त्यांनी नाही केली," टेबलामागून बायको म्हणाली. तिच्यापुढे शाळेच्या वह्यांच्या मुखपृष्ठाची प्रूफं होती.

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

"तू भोळी आहेस. यात पडू नकोस. प्रूफं बघ, दुपारी काम जायचंय." मग तो काकांकडे वळला. "उद्यापासून यायचं नाही."

काकांनी एप्रन काढला, घडी घालून कटिंग मशीनवर ठेवला आणि बाहेर पडले. ती त्यांच्यामागे धावली. पायरीवर उभं राहून दोघं बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मालकाने मान हलवली. बायकांचं मन फार हळवं, दुसरं काय!

सुनावणी आठ दिवसांवर होती. मालकाला जेवण गोड लागेना, झोप येईना. कोणता कागद कुठे असतो, ते त्याला कधीच ठाऊक नव्हतं. बायकोने फाइल लावली. हजेरीची बुकं, पत्रांच्या प्रती, सगळं तारीखवार.

"तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं?"

"चहा गार होतोय," ती म्हणाली.

कार्यालयात तो तिला सोबत घेऊन गेला. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या होत्या. बसता बसता त्याने मागे पाहिलं, तर शेवटच्या बाकावर काका.

"बघ! आलाच. म्हटलं होतं ना मी?"

"मी बोलावलंय त्यांना."

"शाब्बास!" तो खूश झाला. "सगळ्यांदेखत माफी मागू दे."

तिने फाइल मांडीवर नीट ठेवली.

अधिकारी बाई चष्मा पुसत आल्या. कागद चाळले. पत्रांवरच्या तारखांपाशी थबकल्या.

"तुमच्याकडे कामाला माणसं किती?"

"सहा, मॅडम. आता पाच. पण पत्रं सहाही जणांना दिलीत."

"नीट आठवून सांगा. आणखी कोणी? मोजणीत राहून गेलेलं?"

"छे हो! माझाच छापखाना, मला माहीत नसणार?"

"मग तसं लिहून द्या. या सहा जणांखेरीज तिथे कोणीही काम करत नाही आणि कधी केलेलं नाही. खोटं निघालं तर गुन्हा होतो, हे समजून सही करा."

मालकाने एका दमात लिहिलं. झोकदार सही केली. त्याचा जीव भांड्यात पडला.

बाईंनी कागदावर शिक्का मारला. "अर्जदार हजर आहेत?"

मालक खुर्चीत पुरता मागे वळला. काकांच्या नजरेला नजर द्यायचीच, असं त्याने ठरवलं होतं. पण काका बाकावरून हललेसुद्धा नाहीत. ते त्याच्याकडे बघतही नव्हते.

शेजारची खुर्ची सरकली.

"हजर," त्याची बायको म्हणाली.