ताईची गोळी

ताई मशीनवर बसल्या बसल्या रडायला लागली आणि गिऱ्हाइकांचे नवे शर्ट ओले व्हायला लागले, तेव्हा कुठे धाकट्या भावाचं डोकं ठिकाणावर आलं. त्यानं तिला मनाच्या डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि बघता बघता बाई माणसांत आली.

आली ती जरा जास्तच आली! संध्याकाळ झाली की मशीनवर फडकं टाकून फिरायला निघायची. भावजय म्हणाली, "ताई, अजून चार पँटी राहिल्यात," तर म्हणे, "तुला पण दोन हात दिलेत की गं देवानं!" आणि एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "मी खोली बघितलीय. माझं मशीन घेऊन जाते."

धाकट्यानं तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला. दुकानाची पाटी त्याची, पण शिलाई सगळी ताईची.

"जा की, कोण अडवतंय? पण आधी पुरती बरी हो. गोळ्या विसरतेस तू. आजपासून मीच देत जाईन."

भाऊ असावा तर असा, म्हणून ताईचे डोळे भरून आले.

रोज तो तिची गोळी मोरीत टाकायचा आणि तिच्या हातावर स्वतःची पित्ताची गोळी ठेवायचा. महिन्याभरात खोलीचं नाव निघेनासं झालं. ताई उजाडल्यापासून मान खाली घालून शिवत बसायची, वर बघेना की बोलेना.

तिला बघून डॉक्टर चपापले. "ह्या औषधाचा गुण दिसत नाही. बदलू या का?"

 

धाकटा घाईघाईनं म्हणाला, "नको हो डॉक्टरसाहेब, हेच छान मानवलंय आम्हाला."