यंत्राची परीक्षा

बाळाच्या काखेतलं थर्मामीटर एकशे दोन दाखवत होतं. बाळाला दुपट्यात गुंडाळून सून दवाखान्यात निघाली, तर सासूबाई दारातच आडव्या आल्या. त्यांनी नातवाच्या कपाळावर तळहात ठेवला.

"कुठे तापलंय पोर? माझ्या हाताला तर काही गरम लागत नाही. उठसूट लेकराला सुया टोचायची हौस नुसती!"

"तुमचा हात चुकेल, आई. यंत्र नाही चुकत."

"असं? मग आण इकडे तुझं यंत्र." सासूबाईंनी ते स्वतःच्या काखेत खुपसलं. जरा वेळाने ते वाजलं. एकशे दोन! "बघा! मी चांगली खणखणीत उभी आहे आणि हे म्हणे ताप!"

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या नवऱ्याने पेपरातून मान वर केली. "आईचं बरोबर आहे. धडधाकट माणसाला ताप दाखवतं, म्हणजे साधनच सदोष. संध्याकाळी नवीन आणू."

झालं! मायलेकांचं आणि विज्ञानाचं एकमत झालं. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. कडेवरचं बाळ निखाऱ्यासारखं भाजत होतं. तिने यंत्र स्वतःच्या काखेत धरलं.

अठ्ठ्याण्णव.

लग्नानंतर पहिल्यांदाच तिने न विचारता सासूबाईंच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "चपला घाला, आई. यंत्र ठणठणीत आहे, आजारी तुम्ही आहात."