घोडं त्यांचं

फोन बाभळीच्या फांदीला बांधला होता, कारण त्या माळावर रेंज फक्त तिथंच यायची. शेजारी अख्खं बिऱ्हाड पाठीवर घेतलेलं घोडं उभं होतं. पडद्यावर युरोपातले तीन प्राध्यापक होते आणि समोर धनगराची मायाक्का. स्थलांतर आणि आंतरसांस्कृतिक संबंध या विषयात तिकडे एम.ए. करायचं, तर ही शेवटची मुलाखत होती.

"स्थलांतरित आणि स्थानिक यांच्यात तणाव झाला, तर तो कसा मिटवावा?" मधल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं.

लांडगा शिरल्यावर मेंढरं उधळावीत, तसे मायाक्कानं पाठ केलेले सगळे सिद्धांत उधळले.

"बाई काय म्हणत्यात गं?" मेंढरं वळवून आलेल्या तिच्या वडिलांनी, आबांनी विचारलं. तिनं सांगितलं.

"एवढंच? त्यांच्या रानात चार दिस मेंढरं बसवायची. खत त्यांना, ज्वारी आपल्याला. पुढल्या साली तीच माणसं वाट बघत बसत्यात."

मायाक्कानं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. तिन्ही प्राध्यापक मान खाली घालून बराच वेळ लिहीत राहिले. मग बाई म्हणाल्या, "प्रवेश दिला. शिष्यवृत्तीही. पण हा अभ्यासक्रम दर सहा महिन्यांनी देश बदलतो, दोन वर्षांत चार. जमेल ना?"

तिनं तेही आबांना सांगितलं.

"आपलंच काम हाय की," आबा म्हणाले. "जमंल म्हणावं. फकस्त बिऱ्हाड न्यायला घोडं त्यांचं."

मायाक्कानं प्रामाणिकपणे भाषांतर केलं. बाईंनी तेही लिहून घेतलं आणि विमानाची सगळी तिकिटं विद्यापीठाच्या खर्चात घातली.