स्टार्टरवरची चरबी

बल्खाशच्या तळ्यावर दर वसंतात बोटींची इंजिनं दुरुस्त करताना माझं डोकं एकाच गोष्टीवरून फिरतं. इथल्या कोळ्यांना ग्रीस विकत आणायचा आळस, म्हणून स्टार्टरच्या दातेरी चाकाला मेंढीच्या शेपटीची चरबी फासतात. गारठ्यात ती थिजते. मग किल्ली फिरवली की स्टार्टर नुसता घरघरतो, चाक वर सरकून इंजिनाला धरतच नाही.

कुल्याशवहिनीच्या बोटीचं तेच झालं होतं. तिचा नवरा येसिरकेप शरदात तळ्यावर गेला तो परतलाच नाही. रिकामी बोट तेवढी काठाला लागली. आता जाळी टाकायची पाळी तिच्यावर आली होती.

काल मी चाक पेट्रोलने लख्ख धुतलं. इंजिन एका दमात सुरू झालं. आज सकाळी पुन्हा तीच घरघर. झाकण काढलं, तर चाकावर चरबी!

"वहिनी, थट्टा करता का माझी? परत फासलीत?"

"माझ्याकडे मेंढी राहिलीय कुठे, भाऊ? आणि फासायचे ते तर हेच. भांडायचात ना तुम्ही दोघं त्यावरून?"

मी चाक पुन्हा धुतलं, कोरडं पुसलं, झाकण लावलं आणि त्यावरून हात काढला नाही.

"फिरवा किल्ली."

घरघर.

झाकण उचललं. काठावरच्या बादलीत पाणी गोठलं होतं, पण चाकावरची चरबी थिजली नव्हती. बोट लावलं. कोमट होती.

वहिनीनेही बोट लावून पाहिलं. मग किल्ली काढून खिशात टाकली आणि तळ्याकडे बघत हळूच म्हणाली,

"बरं. नाही जात."